एक कापूस, दोन मुलुख : तेजी-मंदीची कारणे

मंदी हा शब्द आपण पावसासारखा वापरतो. ‘यंदा मंदी आली’, ‘अजून मंदी उठली नाही’ असे व्यापारी म्हणतो, कारखानदार म्हणतो, आणि ऐकून ऐकून कामगारही तसेच म्हणू लागतो. जणू ती आभाळातून उतरते, मनास येईल तितके दिवस राहते आणि मनास येईल तेव्हा निघून जाते. कामावरून कमी केल्याचा कागद घेऊन माणूस युनियनच्या कचेरीत येतो तेव्हा त्या कागदावर कारणाच्या जागी बहुधा हाच शब्द असतो. गेली पंचवीस-तीस वर्षे असे कागद वाचताना मला वाटत आले आहे की, ज्या शब्दाने माणसाची भाकरी जाते त्याचा अर्थ तरी त्याला ठाऊक असावा. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत झाले. म्हणून सिद्धांताची चर्चा विद्वानांकडे सोपवून मी हा विषय इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे.

त्यासाठी दोन देश घेतले आहेत : इंग्लंड आणि आपला देश. हे दोन देश शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच धाग्याने बांधलेले होते, आणि तो धागा शब्दशः कापसाचा होता. एकाच कापसाच्या दोन टोकांना दोन समाज उभे होते. मधे झटका बसला की दोन्ही टोके हलत, पण ती सारखी हलत नसत. ती वेगवेगळी का हलली, हे पाहिले म्हणजे मंदीच्या कारणांचा बराचसा उलगडा होतो. हे पाहताना दोन प्रश्न निराळे ठेवावयाचे. मंदीची सुरुवात कोठे होते, हा पहिला. ती घराघरांत कोणत्या वाटेने शिरते, हा दुसरा.

एक युद्ध, दोन शहरे

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण या संस्थानांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस याच बंदरांतून येत असे, आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत असे. कापूस थांबला, गिरण्या थांबल्या. १८६२ साल संपता संपता त्या परगण्यात सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. इतिहासात याला कापसाचा दुष्काळ असे नाव पडले आहे.

परंतु या नावात एक गोष्ट झाकली जाते. युद्धाच्या आधीची दोन वर्षे, १८५९ आणि १८६०, लँकेशायरच्या गिरण्यांनी खपापेक्षा कितीतरी अधिक कापड विणले होते. हिंदुस्थान आणि चीन येथील बाजार त्या कापडाने तुंबले होते. मँचेस्टरच्या वखारींत माल पडून होता. युद्ध झाले नसते तरी गिरण्यांना काम कमी करावे लागलेच असते, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. उलट कापूस दुर्मिळ होताच वखारीतल्या पडून असलेल्या मालाचे मोल वाढले, आणि ज्यांच्याकडे साठा होता त्या मालकांचे त्यात साधले. म्हणजे युद्ध हे बाहेरचे कारण आणि अतिउत्पादन हे घरातले कारण अशी दोन कारणे एकत्र आली. दोष सगळा युद्धावर गेला, कारण युद्ध दिसते आणि वखार दिसत नाही.

लँकेशायरचा कामगार या काळात कसा वागला हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. दक्षिणेची बंदरे मोकळी करा, म्हणजे आमच्या गिरण्या चालू होतील, अशी मागणी त्यांनी केली असती तर कोणी नवल केले नसते. सभेने अध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी उत्तर लिहून त्या कामगारांच्या हालांची आणि त्यांच्या धीराची दखल घेतली. परगण्यातले सगळेच कामगार या मताचे होते असे नाही; पण पोटाला चिमटा बसलेला असताना इतकी माणसे असा ठराव करू शकली, हे कामगार चळवळीच्या इतिहासातले मोठे पान आहे. आणि हेच कामगार लाचार नव्हते. १८६३ च्या मार्चमध्ये स्टॅलीब्रिज गावी मदत रोख न देता चिठ्ठ्यांनी देण्याचे ठरले, तेव्हा तेथे दंगल उसळली. त्याच वर्षी पार्लमेंटने सार्वजनिक बांधकामांचा कायदा केला. बेकार गिरणीकामगारांच्या हातून रस्ते, गटारे आणि बागा तयार झाल्या, आणि त्यांना दानाऐवजी मजुरी मिळाली.

आता धाग्याचे दुसरे टोक पाहू. लँकेशायरने कापसासाठी हिंदुस्थानकडे तोंड वळविले. आपला कापूस आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला. तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि तो चालविताना धागा सारखा तुटे म्हणून उक्त्या दराने काम करणाऱ्या कामगाराची मजुरी घटे. तरीही अडला हरी या न्यायाने त्याचा भाव सुमारे चौपट झाला. नेहमीच्या व्यापारात जेवढा आला असता त्यापेक्षा सत्तर-ऐंशी कोटी रुपये अधिक मुंबईत आले, असा त्या काळच्या लेखकांचा अंदाज आहे. लँकेशायरात चुली विझल्या त्याच वर्षी मुंबईत दिवाळी सुरू झाली.

या पैशाचे मुंबईने काय केले? त्यातून गिरण्या फारशा उभ्या राहिल्या नाहीत. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या, पेढ्या आणि बँका मात्र पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर बाजार चढे आणि उतरे. सरकारचेही भागभांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर कर्जे देत सुटली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. त्याची वार्ता येताच कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईच्या बाजारात देणेकरीच देणेकरी उरले. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही. तिची चौकशी झाली आणि १८६८ साली नवी बँक काढावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ साली ती ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाख माणसांची ही घट म्हणजे त्या तेजीबरोबर आलेल्या आणि तिच्याबरोबर गेलेल्या पोटार्थी लोकांचा माग होय.

मुंबईच्या बुडण्याचे कारण बाहेरचे की घरातले? भाव बाहेरून चढला आणि बाहेरून पडला, हे खरे. पण भाव पडला म्हणून बँक बुडत नाही. हवेवर कर्जे दिली म्हणून बुडते. पुढच्याच वर्षी, १० मे १८६६ रोजी, खुद्द लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी ही मातबर पेढी याच रोगाने बुडाली. तेव्हा सट्टा आणि उधारीची सूज हा रोग दोन्ही देशांत सारखाच. फरक औषधात होता. लंडनला धडकी भरताच तेथल्या सरकारने बँक ऑफ इंग्लंडवरचे कायद्याचे बंधन सैल करण्याची मुभा दिली, कारण तो त्यांचा स्वतःचा बाजार होता. मुंबईचा बाजार परक्याच्या ताब्यातला होता.

भाव उतरतो, देणे उतरत नाही

येथवर शहरांची गोष्ट झाली. तिचा खरा शेवट मात्र खेड्यात झाला, आणि तो दहा वर्षांनी झाला.

तेजीच्या काळात वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथे कापसाचा पैसा आला. पुणे-नगर भागात कापूस थोडा. पण लोहमार्गाची कामे निघाली होती, गाडीभाडे आणि मजुरी वाढली होती, धान्याचे भावही चढले होते. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला, कारण शेतकऱ्याची पत वाढली होती. मग मंदी आली. भाव खाली आले, कामे संपली. नेमक्या याच वेळी, १८६७ पासून, पुणे जिल्ह्यातील जुन्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपली म्हणून नवी जमाबंदी झाली आणि इंदापूर, भीमथडी यांसारख्या तालुक्यांत सारा पुष्कळ वाढविण्यात आला. तो ठरविताना डोळ्यांपुढे तेजीतले भाव होते आणि तो वसूल व्हावयाचा होता मंदीत. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. जिवे मारण्यापेक्षा कर्जरोखे हस्तगत करून ते जाळणे हाच बहुतेक ठिकाणी त्यांचा हेतू होता. चौकशी समिती बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला.

यातले मर्म एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, एका शेतकऱ्याजवळ विकण्याजोगे दहा मण धान्य आहे आणि भाव मणाला पाच रुपये आहे. पन्नास रुपये आले. सारा आणि व्याज मिळून तीस रुपये देणे आहे. वीस रुपये घरात राहिले. आता भाव निम्मा झाला. पंचवीस रुपये आले, देणे तीसच. पीक तेवढेच, घाम तेवढाच, आणि पाच रुपये अंगावर बसले. भाव निम्म्याने उतरला, पण घरात उरणारी रक्कम वीसवरून शून्याच्याही खाली गेली. ते पाच रुपये पुन्हा कर्जाऊ काढावयाचे, म्हणजे पुढच्या वर्षी देणे आणखी वाढणार. अशी तीन-चार वर्षे गेली की जमीन जाते.

कारखानदाराची गोष्ट निराळी. भाव पडू लागताच तो माल कमी काढतो, पाळी बंद करतो, माणसे घरी बसवितो आणि होता होईल तो भाव सावरून धरतो. शेतकऱ्याला पेरणे थांबविता येत नाही. उलट देणे भागविण्यासाठी तो अधिक पेरतो, आणि सर्वांनी अधिक पेरले की भाव अधिकच पडतो. म्हणून कारखान्यांच्या देशात मंदी बेकारीच्या रूपाने दिसते आणि शेतीच्या देशात ती कर्जाच्या रूपाने दिसते. बेकार माणूस रस्त्यावर उभा असतो, त्याला मोजता येते. कर्ज सावकाराच्या चोपडीत असते. इंग्लंडची मंदी सरकारी दप्तरात आकड्यांनी भरून राहिली आहे आणि आपली मंदी सातबाऱ्यावरच्या बदललेल्या नावांत शोधावी लागते, याचे कारण हेच.

दुसरी कसोटी : १९२९ नंतर

एका उदाहरणावरून नियम बांधू नये. म्हणून त्याच दोन देशांची सत्तर वर्षांनंतरची स्थिती पाहू. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. इंग्लंडात १९३२-३३ च्या हिवाळ्यात बेकारांची संख्या तीस लाखांच्या जवळ गेली. जहाजे बांधणारी, कोळसा काढणारी आणि कापड विणणारी गावे ओस दिसू लागली. जॅरो गावच्या सुमारे दोनशे कामगारांनी १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनपर्यंत पायी मोर्चा नेला. तेथल्या मंदीचे मूळ पुष्कळ अंशी घरातले होते. जुने उद्योग मागासले होते, आणि पौंडाचा सोन्याशी घातलेला भाव १९२५ साली प्रतिष्ठेपायी फार चढा ठेवला होता. त्यामुळे इंग्रजी माल परदेशात महाग पडे. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोन्याशी असलेले नाते तोडले. पुढच्या वर्षी तेथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर दोन टक्क्यांवर आणला आणि तो वर्षानुवर्षे तेथेच ठेवला. कर्ज स्वस्त झाले, घरबांधणी वाढली, दक्षिण इंग्लंड सावरले. बेकारांना विम्याचा भत्ता होता. तो अपुरा होता, त्यासाठी घरातली भांडीकुंडी मोजणारी अपमानकारक चौकशी होती, पण होता.

हिंदुस्थानात काय झाले? कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर तो १९२९ साली १४१ होता आणि १९३३ साली ८७ झाला. भात, कापूस, ताग, गहू साऱ्यांचे भाव कोसळले. सारा मात्र तोच, व्याज तेच. आणि रुपयाचा दर? तो १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्सांवर बांधलेला होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १९२६ च्या चलन आयोगात या दराविरुद्ध भिन्नमत नोंदविले होते. सोळा पेन्स ठेवा, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात चार पैसे अधिक पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. दर ठरविणारे लंडनमध्ये बसले होते, आणि त्यांना हिंदुस्थानातून येणाऱ्या पौंडांच्या रकमांची काळजी होती.

इंग्लंडने सोने सोडताच रुपयाही पौंडाच्या शेपटीला बांधलेला असल्यामुळे सोन्याच्या हिशेबात उतरला. तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास असलेले सोने तिसाच्या घरात गेले. तेव्हा घराघरांतले सोने बाहेर निघाले. व्याज आणि सारा भरण्यासाठी बायकांच्या अंगावरचे दागिने सराफाच्या तराजूत गेले आणि तेथून बोटीत चढले. पुढील काही वर्षांत सुमारे तीनशे कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. आपल्या लोकांचा बेकारीचा विमा म्हणजे हे दागिने होते, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त त्याचे हप्ते त्यांनी स्वतःच भरलेले होते.

१९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरला, डार्वेन या गावी, गेले. स्वदेशीच्या चळवळीमुळे तेथल्या गिरण्या बंद पडल्या अशी तक्रार होती. बेकार गिरणीकामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. गांधीजींनी त्यांच्या दुःखाबद्दल सहानुभूती दाखविली. पण हिंदुस्थानातील कोट्यवधी माणसे वर्षातले कित्येक महिने कामावाचून असतात आणि त्यांना भत्ताही नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितले. माझ्या मते कापसाच्या धाग्याची दोन टोके त्या दिवशी प्रथमच समोरासमोर आली.

मुंबईच्या गिरणीकामगाराची अवस्था या दोहोंच्या मधली. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली तेव्हा मोठा संप झाला. सरकारने देशी कापडावरचा अबकारी कर तहकूब केला आणि कपात मागे घेतली गेली. १९२८ साली सहा महिने संप चालला, १९३४ साली पुन्हा संप झाला. हा कामगार कारखान्यात होता म्हणून मंदी त्याच्याकडे बेकारीच्या रूपाने आली, आणि त्याचे घर कोकणात किंवा घाटावर होते म्हणून तीच मंदी त्याच्या बापाच्या शेतावर कर्जाच्या रूपानेही आली. एकाच कुटुंबाने दोन्ही देशांची मंदी सोसली.

आपल्या डहाणूत

आता घराजवळ येऊ. डहाणूचा या कापसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग हाच तो संबंध. गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरात आणण्याची घाई कंपनीला होती. बी.बी.सी.आय. कंपनीची गाडी १८६४ साली, तेजीच्या ऐन भरात, सुरतेहून मुंबईस जोडली गेली. कापसाची तेजी वर्षभरात संपली, रूळ राहिले. त्या रुळांवरून येथले लाकूड आणि गवत मुंबईस जाऊ लागले. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी डहाणू-उंबरगावच्या गवतावर दूध देऊ लागल्या. जंगलाला आणि माळाला भाव आला, तसे त्यावर डोळा ठेवणारेही आले. ज्या वारल्याने जमीन कसली होती त्याच्या हातून ती सावकार-जमीनदारांकडे सरकत गेली.

म्हणून १९३० च्या मंदीपर्यंत येथल्या पुष्कळ आदिवासींजवळ गमावण्यासारखी जमीन उरलीच नव्हती. धान्य स्वस्त झाले तर मजुराचे बरे होते, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण ज्याला मजुरीच रोख मिळत नाही त्याला स्वस्ताई कोठून भेटणार? पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी सुगीला दिढीने फेडावयाची. बाजारात भाव उतरो की चढो, दिढी ती दिढीच. १९३७ साली मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करावयास सांगितले. लग्नापुरते थोडेसे पैसे घेऊन त्यापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे धन्याकडे राबतात, ही लग्नगडीची चाल त्याच्या अहवालात नोंदलेली आहे. मंदीत ताठ राहणाऱ्या देण्याचे याहून टोकाचे रूप मला कोठे वाचावयास मिळाले नाही. येथे देणे पैशाचे राहिलेच नव्हते, ते माणसाच्या आयुष्याचे झाले होते.

पुढे दुसरे महायुद्ध आले, आणि तेजी आली. मुंबईत दूध महागले, गवत महागले, लाकूड महागले. तेव्हा या हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. मंदीत देणे खाली येत नव्हते, तेजीत मजुरी वर जात नव्हती. १९४५ च्या ऑक्टोबरात, गवत कापणीच्या तोंडावर, वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली पाचशे पौंड गवताला अडीच रुपये दर मागितला आणि तो मिळेपर्यंत विळा न लावण्याचे ठरविले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबर आणखी चौघे मारले गेले. तरी संप मोडला नाही, आणि तो दर पुढे ठिकठिकाणी मिळाला. तेजीचा वाटा आपोआप खाली झिरपत नाही, तो दर ठरवून घ्यावा लागतो, हे अर्थशास्त्र त्या निरक्षर माणसांनी ओळखले होते.

स्वराज्यानंतर

स्वातंत्र्यानंतर दोन्ही देशांचा धागा तुटला. तरी तुलना संपत नाही. उलट ती अधिक स्वच्छ होते. इंग्लंडातील पुढल्या मंद्या पाहा. १९७४-७५ ची तेलाच्या भाववाढीची. १९८०-८१ ची, महागाई मोडण्यासाठी व्याजाचा दर सतरा टक्क्यांपर्यंत नेल्यावर आलेली. १९९० ची पुन्हा चढ्या व्याजाची. २००८ ची बँकांच्या हवेतल्या कर्जांची. आपल्या देशाचे एकूण उत्पन्न मागल्या वर्षापेक्षा घटले अशी वर्षे पाहा : १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८०. चारही वेळा पावसाने दगा दिला होता. १९८० साली इंग्लंडच्या बेकाराचे भवितव्य बँकेच्या दरात लिहिलेले होते, आणि आमच्या शेतमजुराचे मृगाच्या ढगात. त्यानंतर मात्र शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा घटत गेला, पाऊस चुकला तरी एकूण आकडा शून्याखाली जाईनासा झाला. जुने दुःख नाहीसे झाले असे नाही. ते सरासरीत दिसेनासे झाले.

पण १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने एक गोष्ट करून दाखविली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाझर तलाव, बांध आणि रस्ते यांच्या कामांवर लाखो हात लागले. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. नाशिकच्या किंवा मुंबईच्या कामगाराच्या पगारातून कापले गेलेले थोडे पैसे दुष्काळी गावच्या बाईच्या हातात मजुरी म्हणून पडले. लँकेशायरने १८६३ साली कारखान्याच्या मंदीवर जे औषध शोधले तेच आपण एकशेनऊ वर्षांनी पावसाच्या मंदीवर शोधले, आणि हक्क म्हणून कायद्यात लिहिले. २००५ साली देशभर तसा कायदा झाला त्याचे मूळ येथे आहे.

२०२० साली दोन्ही देशांना एकाच रोगाने गाठले. कारण एक, महिनाही जवळजवळ एकच. इंग्लंडच्या सरकारने घरी बसविलेल्या कामगारांच्या पगारापैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, स्वतः भरला. आपल्याकडे माणशी पाच किलो मोफत धान्य मिळाले, आणि त्याने अनेकांना तारले. पण मजुरीची भरपाई कोण करणार? गुजरातच्या बंदरांवर मासेमारीच्या बोटींवर गेलेली आपल्या डहाणू-तलासरीची माणसे परतताना वाटेत अडकून पडली. त्यांचे नाव कोणत्याही पगारपत्रकावर पक्के नव्हते. आणि ज्याचे नाव पत्रकावर नाही त्याच्या पगाराचे ऐंशी टक्के काढणार कशाचे?

निष्कर्ष

मंदीची सुरुवात कधी परदेशातल्या युद्धात होते, कधी बँकेच्या चोपडीत, कधी तुंबलेल्या वखारीत, कधी कोरड्या नक्षत्रात. या कारणांपैकी पुष्कळशी आपल्या हाताबाहेरची आहेत, हे मान्य केले पाहिजे. कामगाराने ठराव केला म्हणून पाऊस पडत नाही आणि अमेरिकेतला बाजार सावरत नाही. पण मंदी घरात ज्या वाटेने शिरते ती वाट माणसांनी बांधलेली असते. सारा किती, व्याज किती, खंड किती, चलनाचा दर कोणता, भत्ता आहे की नाही, नाव पत्रकावर आहे की नाही, हे सारे कायद्याने आणि कराराने ठरलेले असते. १८७९ चा कायदा, १९३९ चा मुंबई प्रांताचा शेतकरी कर्जनिवारण कायदा, १९४८ चा कूळकायदा, रोजगार हमी, यांपैकी एकही मंदीच्या काळात आपोआप आला नाही. कोणीतरी रोखे जाळले, कोणी विळा खाली ठेवला, कोणी सभेत बोलले, कोणी विधिमंडळात भांडले, तेव्हा ते आले.

तेव्हा यापुढे कोणी ‘मंदी आहे’ असे सांगितले, तर कामगाराने घाबरून मान डोलवू नये, आणि खोटे आहे असे ओरडूही नये. ती खरी असू शकते. त्याने शांतपणे हिशेब मागावा. मालाला उठाव नाही की भाव नाही? वखारीत साठा किती आहे? तेजी होती तेव्हा नफ्यातले मजुरीत किती आले? आता खाली येणाऱ्या गोष्टींत मजुरीखेरीज आणखी काय काय आहे. व्याज, भाडे, वरच्यांचे पगार यांपैकी काही उतरले की नाही? लँकेशायरच्या वखारींचा हिशेब कोणी वेळेवर मागितला नाही, इंदापूरचा सारा ठरविताना पडलेल्या भावाचा हिशेब कोणी केला नाही. तलवाड्याच्या माळावर गवताचा हिशेब मात्र मागितला गेला, आणि पाचशे पौंडांना अडीच रुपये हा आकडा त्यातूनच आला.